बाकी

रायबंदरच्या धक्क्यावर रुझारचा चायनीज गाडा.
पाटीवर ड्रॅगन, रंगाऱ्यानं त्याला म्हशीची शिंगं दिलेली.
एडिसनहून आणलेल्या दोन कुकीज मी खिशातून काढतो.
तिथं जेवण झालं की बिलासोबत देतात,
आत भविष्य असतं.

रुझार कढई हलवत विचारतो,
'आणि खोटं निघालं तर बिल परत?'

तिथल्या नूडल्स गोडसर.
अकरा वर्षांतली पहिली काही मी त्यांत मिरची शोधली,
मग सोडून दिली,
मग त्याच आवडायला लागल्या.
हे त्याला सांगत नाही.

तो कुकी फोडतो. चिठ्ठी मी वाचून दाखवतो:
'लवकरच तुम्ही मोठं पाणी ओलांडाल.'
रुझार घड्याळ बघतो.
'चोडणची शेवटची फेरी. रोज ओलांडतो मरे!
ह्या चिन्याला कुणी सांगितलं?'

माझी फोडली.
रिकामी.
इतक्या लांबून आणून, वाईट वाटलंच.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली,
बिलाच्या पाठीवर काहीतरी खरडलं,
घडी करून माझ्या दोन तुकड्यांत खोचलं:

'मागची बाकी चाळीस.
आज देऊ नको.'