रिव्हिजन सी

केरबा मेस्त्रींनी आधी टोपी काढली,
मग चष्मा, मग विचारलं,
"चपला बी काढू काय?"
नको म्हटलं, पायात वायर येईल तेवढी सांभाळा.
शिरोलीत दुपारचे तीन. खाली शेडमध्ये
साच्यांतली वाळू झाडायचं चाललेलं,
जमिनीतून टेबलापर्यंत एक थरथर,
माझ्या चहावर गोल गोल रेघा.

पट्टा त्यांच्या डोक्याला सैल पडला.
केसांत सागाचा भुसा होता.
सत्तरी उलटली तरी उद्यमनगरात
सकाळी दोन तास रंधा मारतात,
मग लुना घेऊन, कुणी बोलावेल तिकडे.

पंपाचं केसिंग. रोज मी त्याला
स्क्रीनवर सुपारीसारखं फिरवते.
आज खोलीएवढं केलेलं,
आणि मेस्त्री त्याच्या तोंडाशी.
"आत जाऊ?"
"जावा की."

गेले. म्हणजे माझ्या टेबलापासून प्रिंटरपर्यंत,
चार पावलं, हात पुढे,
गोगलगाईच्या पोटात शिरल्यासारखे वळत वळत.
"चाळीस वर्सं कोअर बॉक्स केलं पोरी,
म्हंजे पोकळीच केली की.
तिच्यात हुबं ऱ्हायाचं कवा सुचलं न्हाई."

बोट वाकवून भिंतीवर टकटक केली.
हवेत. दोनदा. कान दिला.
"वाजत न्हाई."
"नाही वाजत, मेस्त्री."
"आन् सावली?"
सावल्या मी बंद ठेवल्या होत्या, मशीन तापतं म्हणून.
ते सांगितलं नाही.

खिशातून पट्टी काढली. आकसणीची,
जिच्यावरचं शंभर खरं तर एकशे एक असतं,
कारण लोखंड गार होताना अंग चोरतं
आणि लाकडाला आधीच तेवढं खोटं बोलावं लागतं.
पट्टी हातात होती, त्यांना दिसत नव्हती.
हातही दिसत नव्हता.
"आपलाच हात कुटं गेला गं?"
हसले. थोडे घाबरलेही असावेत.
मग अंगठ्यानं पट्टीवरच्या खाचा चाचपत
मोजत राहिले.

एका जागी थांबले, प्रिंटरच्या अलीकडे,
जिथे तीन रिब एकत्र येतात.
खाली वाकून, मान तिरकी करून बघितलं.
तळहात पालथा धरला,
तवा तापलाय का बघायला धरतात तसा,
आणि तिथंच ठेवला.

"हितं लोखंड शेवटी गार हुनार.
बाकी समदी आपापल्या जागी थिजत्यात,
ह्येच्या वाटंचं कुनी ठेवत न्हाई.
मग पोटात खड्डा."

सॉफ्टवेअरमध्ये ती जागा लाल दिसते.
मी मंगळवारीच पाहिली होती.
गिऱ्हाइकाला ड्रॉइंग शुक्रवारी हवं होतं,
म्हणून चालेल म्हटलं, आणि रंगांची खिडकी मिटली.

"कुनी काढलंय ह्ये?"
"मी."
खालची थरथर तेवढी ऐकू येत होती.
"बाकी ग्वाड काढलंयस."

हेडसेट उतरवला तर कपाळावर लाल वळ,
डोळ्यांत पाणी. भिंगांच्या उजेडानं येतं,
माझ्याही येतं,
त्यात दुसरं काही शोधू नये.

संध्याकाळी मधली रिब अठरा मिलिमीटर सरकवली.
चौकटीत लिहिलं: काढणार, एन. मुजावर.
रिव्हिजन सी. कारण: के. सुतार, तोंडी.
क्वालिटीच्या पोरानं विचारलं,
तोंडी हा कुठला स्टँडर्ड?
मी त्याला तीन रिब दाखवल्या. तो लाल रंग बघून म्हणाला,
हे तर मशीननंच सांगितलं होतं.
हो, म्हटलं. सांगितलं होतं.

मेस्त्री मात्र दुपारीच निघाले होते.
टोपी घातली, चष्मा घातला,
पट्टी खिशात आहे ना, वरून चाचपलं,
आणि ऑफिसच्या दारातून जाताना
चांगले कमरेतून वाकले.
दार साडेसात फुटी आहे.