मुक्कामी गाडी सहाला सुटते

वजन बासष्ट. हे मी विचारलं नाही.
डेपोत वर्षाला तपासणी होते, तिचा कागद
पप्पांच्या खाकी खिशात घामानं विरत पडलेला असतो,
तिथून घेतलं.
बाकी सोपं होतं:
एक क्वार्टर, एकशे ऐंशी, त्यात शंभराला बेचाळीस पूर्णांक आठ,
गुणिले घनता. भागिले बापातलं पाणी,
म्हणजे वजनाचा तेवढाच हिस्सा, जिथं दारू मुरते.
पुरुषाला ०.६८ धरतात.
बाईला कमी.
आईनं आयुष्यात घेतली नाही, तरी तिच्या नावाचा व्हेरिएबल
मी केला,
आणि पुसला.

जिंतूरच्या कॉलेजात लाईट गेली की सगळं परत टाइप.
आठ ओळी, एक लूप,
दर तासाला वजा पंधरा सहस्रांश.
लिव्हर घाई करत नाही.
लिंबू, ताक, डोक्यावर गार पाण्याची बादली,
लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ,
यांना सूत्रात जागाच नाही.

रात्री दहाला बसले तर पहाटे सहाला ०.०२४.
सहाला येलदरीहून मुक्कामी गाडी सुटते.
दुधाच्या कॅनी, शाळेची पोरं,
दवाखान्याला निघालेली एखादी म्हातारी दाराशीच बसलेली,
आणि स्टेअरिंगवर ०.०२४.
मला हा आकडा त्यांना दाखवायचा होता.
भीती वाटावी म्हणून रेघ लाल केली.

"काय करायलीस गं इतक्या रातीची?"
चष्मा शर्टाला पुसून पप्पांनी आलेख वाचला,
सव्वीस वर्षं बसस्टँडवरचा फलक वाचावा तसा,
आधी डावीकडची वेळ, मग उजवीकडचं गाव.
"म्हंजी, आठला बसलो तर?"
मी गप्प.
मशीन गप्प बसत नाही.
पाच छत्तीसला शून्य.

आता खय्यूम चाचा, त्यांचे कंडक्टर, फोनवर सांगतात:
"बेटा, तेरा बाप एकदम टायमावर आलाय.
आठच्या ठोक्याला बूच उघडतो, साडेआठला आडवा.
सकाळी नळीत फुंकतो, साहेब म्हणतात, वा मुंजाजी!"
हसतात. मग जरा थांबतात.
मी केलं होतं घाबरवायला,
त्यांनी त्याचं वेळापत्रक केलं.

हातभट्टीचं मी धरलंच नव्हतं.
तिच्या बाटलीवर आकडा नसतो,
कधी कधी बाटलीच नसते.

एक चूक राहिलीय अजून.
शून्यावर थांब, असं मी लिहिलं नाही.
लूप चालत राहते. सकाळी आठला उणे ०.०३६,
दुपारी पप्पा आणखी खाली,
न पिलेल्या माणसाच्याही खाली कुठंतरी,
रेघ कागदाबाहेर.

काल सुट्टी होती. खुर्ची ओढून शेजारी बसले.
स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवलं,
ग्रीसचं काळं नखात तसंच.
"हितं कोण असतं?"
"कुणीच नसतं, पप्पा. चूक आहे माझी.
एका ओळीचं काम आहे, करते."
"राहू दे," म्हणाले.
बराच वेळ बोट काढलं नाही.
मग घड्याळ पाहिलं.
सात चाळीस.