सहा पूर्णांक चार

अकरा तास दुर्बीण एका ठिपक्याकडे रोखून
हाती आले दोनशे बारा फोटॉन.
धुरंधर मॅडम म्हणाल्या, "एवढ्यावर लग्न लागत नाही,
फार तर साखरपुडा."
कुलाब्याच्या टोकाला, आमच्या खिडकीचे गज
खारा वारा सोलत होता
आणि मी पडद्यावर लोखंडच शोधत होते.
एक्स-किरणांच्या आलेखात, सहा पूर्णांक चारवर
लोखंडाची रेघ ताठ उभी हवी.

नव्हती.
डावीकडे ओघळली होती,
ओल्या पाटीवर बोट लागलेल्या रेघेसारखी.
कृष्णविवराच्या काठावरून वर येताना
प्रकाशालाही धाप लागते.
ती धाप मोजायची, ही माझी नोकरी.
तीन वर्षांची. पुढचं माहीत नाही.

मग कचरा वेचायचा.
वैश्विक किरण उपकरणात घुसतात, चरे पाडतात,
आम्ही त्यांना गोंगाट म्हणतो नि पुसतो.
एका दुपारीत चौदा हजार चरे पुसले,
आई गप्पा मारता मारता तांदळातले खडे काढते, तसे.
आणि प्रबंध कुणावर? ह्यांच्याच भावकीवर.
तिकडे, त्या दीर्घिकेत,
हेच किरण वायूला कोपराने सारत नेतात,
आरडाओरडा न करता,
तापवतात, तरंगत ठेवतात,
नवे तारे धरू देत नाहीत.
ज्याच्या दारातून निघाले
त्यालाही शेवटी उपाशी ठेवतात.
एकाच तोंडाच्या फुंकरीने चूल पेटते, दूध निवतं:
हे मी समीकरणात मांडलं,
तर खाली मॅडमची लाल शाई. पुरावा?

पुरावा, दोनशे बारा.

रात्री अंधेरीला परतले.
इमारतींच्या मधोमध गिल्बर्ट हिल,
काळी, सरळसोट,
बांधकाम अर्ध्यात सोडून गेलेल्या कुणाच्या खांबासारखी.
हिचा लाव्हा थिजत होता
त्याच सुमाराला माझे दोनशे बारा तिकडून निघाले.
साडेसहा कोटी वर्षं, थोडी इकडेतिकडे.
ही निवली, दगड झाली.
ते येत राहिले.

देवीच्या पायऱ्यांपाशी नारळ आवरत
भिवाजी म्हणाला, "आज उशीर?"
म्हटलं, पाहुणे यायचे होते. लांबून.
"आले?"
"दोनशे बारा."
त्याने उरलेल्या नारळांवर नजर फिरवली,
मोजले असावेत मनात,
मग विचारलं,
"चहा पुरला का?"