तीनशे सतरा

क्लायपेदाच्या बंदरात रात्री पावणेतीनला क्रेन थांबते
आणि छत्तीस मीटर उंचीवरून
झिग्मान्तास वायरलेसवर विचारतो,
'पाच म्हणजे काय गं?
पडद्यावर नुसता पाच आलाय.'

मला पाठ आहे. पाच म्हणजे परवानगी नाही.
दोन म्हणजे शोधलं, मिळालं नाही.
तीन नंबरची चावी फिरव, मी सांगते, आणि तो फिरवतो.
पण वर, समुद्राच्या वाऱ्यात,
खाली बावीस टनांचा डबा लोंबकळत असताना
माणसाने आकडे का पाठ करावेत?

तर काम एवढंच:
आकडा घ्यायचा, आणि लगेच घ्यायचा.
मध्ये दुसरं काही विचारलं
की यंत्र आधीचं दुखणं विसरतं.
मग संदेशांच्या कोठारात जायचं,
भाषा सांगायची, वाक्य मागायचं.

मी म्हटलं, लिथुआनियन.
कोठार म्हणालं, नाही.
क्रेन जुनी, ब्रेमरहाफेनहून घेतलेली.
तिने जर्मनमध्ये नकार दिला, व्याकरणशुद्ध,
पूर्णविरामानंतर वर एक रिकामी ओळ,
जी दर वेळी छाटावी लागते, नखासारखी.
वाक्याला जागा यंत्र देतं,
मोकळी करायची आपण.
विसरलात तर कुणी ओरडत नाही.
महिन्याभराने एका रात्री सगळं जड चालतं, इतकंच.

म्हणून वाक्यं मीच लिहिली. सत्तेचाळीस.
सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, पुढे एक:
इथे नाव येईल.
नाव आलं. झिग्मान्तास.
तो वरून हसला. 'हे तर हजेरी घेतंय.
असं पोलीस म्हणतात. बायको नाही म्हणत.'

खरंच. हाक मारली की आमच्याकडे नाव शेपूट बदलतं.
तो असतो झिग्मान्तास,
बोलावताना झिग्मान्ताय.
टक्का-एकला हे कुणी शिकवलं नाही.
तो कोनाडा आहे.
ठेवाल ते तसंच उभं राहतं त्यात,
ओल्या कोटासकट.

मी यादीत रकाना वाढवला: हाक.
चौदा ड्रायव्हर. आल्विदास, आल्विदाय.
केस्तुतिस, केस्तुति.
रशियन रोदिओनला काय लावायचं
ते त्यालाच विचारलं.
'काहीही,' तो म्हणाला, 'आकडा नको.'

गुरुवारी पहाटे वर उमटलं:
झिग्मान्ताय, परवानगी नाही. तीन नंबरची चावी बघ.
वायरलेसवर थोडा वेळ नुसता वारा.
मग चावीचा आवाज.
मला कुणी काही विचारलं नाही.
मी थर्मास उघडला, परत बंद केला.

एक राहिलंय. तीनशे सतरा:
या क्रमांकाचा संदेश सापडत नाही.
शब्द नाहीत, हे सांगायलाही
कुणीतरी, कुठल्यातरी ऑफिसात, कधीतरी दुपारी
शब्द लिहून ठेवलेत,
त्यातही रिकाम्या जागा सोडून:
कोणता क्रमांक, कोणत्या फाईलमधला.
त्याला मी हात लावलेला नाही.
तिथे जर्मनच राहू दिलंय.
ते आलं तर तो वायरलेस उचलेल.