खोली

माझगावच्या गोदीमागे, तिसऱ्या मजल्यावर,
मे महिन्यात स्वेटर घालून बसलेली
या शहरात मी एकटीच असेन.
एसी अठरावर. समोर चार यंत्रं, तीन जातींची:
एक म्हातारं सोलारिस, जांभळ्या पट्टीचं,
दोन लिनक्स, कोपऱ्यात एक फ्रीबीएसडी.
भाषा एकच बोलतात म्हणे,
पण बारा कोसांवर बदलते तशी.

सव्वाअकराला अल्ताफ नाखवांचा फोन.
गाळ काढायचा बार्ज पहाटेच्या भरतीला निघणार,
शिवडीच्या जेट्टीपुढची खोली हवी,
दोन हजार चारची, बेनीसरांनी मोजलेली.
मुंबईत खोली मागणं सोपं नाही, मी म्हटलं.
ते हसले नाहीत.

बेनीसर, म्हणजे बेनेडिक्ट किनी,
सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, वसईला चिकू लावतात.
त्यांचं घर मात्र इथेच राहिलं.
होम म्हणतात त्याला; आहुती वगैरे नाही, नुसतं घर.
हे घर यादीत दिसत नाही.
यादी मागा: रिकामी.
नाव घेऊन हाक मारली तरच येतं,
दूरच्या डिस्कवरून, तारेवरून,
आणि कुणी विचारलं नाही तर
लिनक्सवर पाच मिनिटांत, सोलारिसवर दहा मिनिटांत
निमूट ओहोटीला लागतं.

आज हाक मारली.
अशी कोणतीही जागा नाही.
पुन्हा मारली, जरा सावकाश,
जणू स्पेलिंग यंत्राला नीट ऐकू गेलं नसेल.
नाही.
सोलारिसवर मारली. लगेच ओ दिली.

मग जे सगळेच करतात ते केलं.
सर्व्हर जागा आहे का पाहिलं; होता.
दार उघडं आहे का; होतं.
हाका ऐकणाऱ्या त्या सेवकाला मारून
पुन्हा जिवंत केलं, दोनदा.
लॉग वाचला. लॉगला काही म्हणायचं नव्हतं.
सखाराम वॉचमन चहा ठेवून गेला,
त्याच्यावर साय धरली.

दीड वाजता, तिसऱ्यांदा, नकाशा उघडला,
कुणाचं घर कुठे ते सांगणारा.
सोलारिस त्याचं नाव अधोरेषेनं वाचतं,
लिनक्स टिंबानं.
दोन्ही होते, वर्षानुवर्षं, शेजारी शेजारी.
शुक्रवारी ओजसने आवराआवर केली होती.
एकसारखं दिसावं म्हणून
टिंबवाला उडवला.
आनंदीबाईंना निदान हेतू तरी होता.
शाळेत बर्वेबाई टिंबाला अर्धा गुण कापायच्या,
मी घरी येऊन रडायचे.

टिंब परत ठेवलं. हाक मारली.
घर आलं.
आणि दारातच मला अडवलं.

मी रूट. या चारही यंत्रांची धनीण,
काहीही पुसू शकते, कुणालाही हाकलू शकते.
दूरच्या डिस्कने माझ्याकडे पाहिलं
आणि नोंदवहीत लिहिलं: नोबडी.
कुणी नाही.
तसंच ठरलेलं असतं, सुरक्षेसाठी, मलाच माहीत आहे,
मीच ते लिहिलं आहे.
तरी दोन वाजता, स्वेटरात, थोडं लागलं.

मग एक आज्ञा दिली, दोन अक्षरांची,
आणि बेनीसर होऊन आत गेले.

नऊशे बारा फायली. चिकूच्या कलमांवरचीही एक.
खोलीची मापं मीटरमध्ये, दोन दशांशांपर्यंत,
आणि सतराव्या ओळीपुढे शेरा:
इथे दोर दगडाला लागला. या आकड्यावर विसंबू नये.
नाखवांना पाठवलं. त्यांचं उत्तर: सतरावी ओळ बघितली, बरं झालं.

नंतर जुन्या बॅकअपमधला नकाशा काढून पाहिला,
उगाच.
पहिल्याच ओळीत, यंत्र वाचत नाही
अशा खुणेमागे, बेनीसरांनी लिहिलेलं होतं,
दोन हजार एक साली:
दोन्ही नावं लागतात. कृपया आवरू नये.

ओजसने तेही आवरलं होतं.
खिडकीखाली बार्जचा भोंगा वाजला.
मी ती ओळ जशीच्या तशी उतरवली,
आणि त्यांच्या नावाखाली
माझं घालावं की नाही
याचा विचार करत बसले असताना
घर निघून गेलं.