हक्कसोड

आधी पाच लिटरचा कॅन दिला.
चोवीस तासांची लघवी, सिस्टर म्हणाल्या, थेंब सांडायचा नाही.
सोमवारी सकाळी तो कापडी पिशवीत घालून
स्वारगेटहून बसने निघाले, मांडीवर धरून.
शेजारची बाई म्हणाली, तूप का हो?
मी म्हटलं, हो. घरचंच.

अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
एकोणीस वर्षं मी पुस्तकं शिवते.
सोळा पानांचा जुज, जुजाला जुज, दोऱ्याला मेण.
लोक फाटलेलं आणून देतात,
कुणी फाडलं ते मी विचारत नाही.

दिगू आठवड्यातून तीनदा मशीनला.
दिवसाला पाऊण लिटर पाणी,
वहिनी तांब्यात मापून ठेवते, चहासुद्धा त्यातच.
हे तिनेच सांगितलं, फोनवर, हळू आवाजात.
तो माझ्याशी बोलत नव्हता. सहा वर्षं.

दांडेकर पुलाजवळच्या दोन खोल्या.
आईच्या तेराव्याची पानं उचलली
आणि त्याने कागद पुढे सरकवला. हक्कसोड पत्र.
सगळ्याच बहिणी करतात, म्हणाला.
पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं.
मी टोपण लावलं
आणि पेन परत दिलं.

समितीपुढे तीन डॉक्टर, एक वकीलबाई,
कॅमेऱ्याचा लाल दिवा.
नात्याचा पुरावा?
ट्रंकेतलं जुनं रेशनकार्ड नेलं होतं,
रॉकेलचा वास अजून न गेलेलं.
त्यावर मी एक युनिट, दिगू अर्धा.
डॉक्टर हसले. मी नाही हसले.
त्या अर्ध्या युनिटाला मी कडेवर घेऊन
साखरेच्या रांगेत उभी राहिलेली आहे.

कोणी दबाव टाकला?
नाही.
पैशाचा काही व्यवहार?
नाही.
मालमत्तेचा?
इथे थांबले. लाल दिवा तसाच.
म्हटलं, दोन खोल्या आहेत.
माझा हिस्सा मी सोडलेला नाही, सोडणारही नाही.
वकीलबाईंनी चष्मा काढला.
मग हे का देताय?
हे त्याने मागितलं नाही, मी म्हटलं.

नवऱ्याने एवढंच विचारलं, डावी की उजवी?
डावी. डावीची शीर लांब असते म्हणे.
मग तो बराच वेळ सायकलच्या चेनला तेल घालत बसला.
आदल्याच दिवशी घातलं होतं.

शुद्ध आली तेव्हा खाली पार्किंगमध्ये
कोणीतरी गाडी मागे घ्यायला लावत होतं,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे...
सिस्टर वाकून म्हणाल्या, दादांना लघवी झाली हो. टेबलावरच.
आणि मी रडले. लघवीवर.
पोट दुखत होतं, तरी रडले.

टाके दुसऱ्या दिवशी पाहिले.
बरे होते. मी याहून बारीक घालते.

जुन्या दोन काढत नाहीत, हे मला माहीत नव्हतं.
तिसरी उजवीकडे, जांघेच्या वर, नवीन जागा करून ठेवतात.
म्हणजे त्याच्याकडे तीन, माझ्याकडे एक.
आमच्या घरात वाटणी कधी सरळ झालीच नाही.

पाचव्या दिवशी चालत गेले त्याच्या खोलीपर्यंत,
भिंतीला धरून, नवऱ्याने गाऊनची गाठ धरून.
आत जायला परवानगी नाही. मध्ये काच.
दिगू पलंगावर बसलेला, गाल उतरलेले,
हातात पाण्याचा जग, काठोकाठ.
मला पाहून त्याने मास्क हनुवटीखाली ओढला आणि जगच तोंडाला लावला,
नळाला तोंड लावून प्यायचा तसा, घटाघटा,
पाणी गळ्यावरून सदऱ्यात.
सिस्टर ओरडत असाव्यात.
मग तोंड पुसून काहीतरी म्हणाला.

काचेतून ऐकू आलं नाही.
ताई असेल. तूही पी, असं असेल.
खोल्यांचंही असेल, त्याचा नेम नाही.
म्हणून मी मान हलवली नाही,
होकाराची नाही, नकाराची नाही,
बाटलीचं झाकण उघडलं
आणि त्याच्या समोर उभी राहून
प्यायले.