मधल्या मजल्यावरून

कुताईसीत नऊ मजली इमारती चिक्कार,
आणि त्यांच्या लिफ्टा माझ्याहून चार वर्षांनी लहान.
नाणं टाकलं की चढतात. उतरणं फुकट.
नाण्याचे डबे मीच बसवले आहेत,
त्यामुळे म्हाताऱ्या मला जिन्यात गाठून शिव्या देतात
आणि मी उत्तर जुळवेपर्यंत
दोन मजले वर निघून गेलेल्या असतात.

मी गोचा. लिफ्टवाला.
एवढं लिहायला काहीच लागत नाही.
बोलायला कधी अर्धं मिनिट, कधी पाऊण.
'ग' घशात चौथ्या-पाचव्याच्या मध्ये थांबतो,
आत दिवा चालू, दार बंद,
आणि समोरचा माणूस बुटांकडे बघायला लागतो.

तरी पॉडकास्ट करायचं मीच काढलं :
लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांच्या गोष्टी.
तीस वर्षांत दारं उचकटून मी किती जणांना बाहेर काढलं,
आत त्यांचं काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं.
भाचा ओतिया हसला नाही. म्हणाला,
मामा, माइक स्वस्तातला चालेल, खोली चांगली हवी.

चांगली खोली म्हणजे कपाट निघालं.
आत्याचे कोट अजून तसेच,
डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट;
आवाज त्यांच्यात शिरला की परत येत नाही.
गुडघे हनुवटीला, हँगर टाळूवर,
हातात मोबाइल, त्यावर लाल ठिपका.
आधी एक मिनिट काहीच बोलू नकोस, ओतिया म्हणाला,
नुसती खोली रेकॉर्ड कर, पुढे ठिगळं लावायला लागते.
ते मला पहिल्या फटक्यात जमलं.
गप्प बसल्याबद्दल शाबासकी
शाळेतसुद्धा कुणी दिली नव्हती.

मग लामाराला बोलावलं, चौथ्या जिन्यातली.
वीज दोन-दोन दिवस जायची त्या वर्षांतला ऑगस्ट,
ती अडकली एका कलिंगडासकट
आणि शोतासकट, ज्याच्याशी
बाल्कनीतून ठिबकणाऱ्या पाण्यावरून
अकरा वर्षं अबोला.
दुसऱ्या तासाला तिनं कलिंगड कठड्यावर आपटलं.
तिसऱ्या तासाला प्रश्न आला, बिया कुठं टाकायच्या.
शोतानं टोपी काढून पुढे धरली.
हे सांगताना ती कोटाच्या बाहीला हात पुसत होती.

रात्री कापायला बसलो.
पडद्यावर माझं तोतरेपण पहिल्यांदा दिसलं :
टेकडी, टेकडी, टेकडी, मग लांब सपाटी,
मग एकदम शब्दाचा कडा.
एकेक टेकडी पुसली, सपाटी आखडली,
सांध्यावर कपाटातली शांतता चिकटवली.
बेचाळीस मिनिटांची एकोणीस झाली.
पहाटे ऐकलं तर
एक इस्त्री केलेला माणूस बोलत होता,
माझ्याच दातांतून.

आठवडाभरात ऐकणारे सात.
त्यातला एक मी, दोन वेळा ओतिया.

लामारानं मला जिन्यात गाठलं. म्हणाली,
छान बोलतो तो माणूस. कुठून आणलास?
आणि तो धडाधड विचारत सुटलाय,
मी तशी कुठं सांगत होते?
तू अडकायचास, मी वाट बघायचे,
वाट बघताना तर मला टोपी आठवली.
नाणं टाकून ती वर गेली.
मी जिन्यानं गेलो, सातव्यापर्यंत, चालत,
कारण नसताना.

कापलेले तुकडे मी फेकले नव्हते.
सवयच आहे, जुना स्क्रूसुद्धा ठेवतो.
तेवीस मिनिटं, एकाला एक जोडून, कोटांत बसून ऐकली :
ग, ग, माझा श्वास, क, क,
लामाराची खुर्ची, लांबवर कुठंतरी कुत्रं,
आणि मधेच तिचं अगदी हळू
'हं, होऊ दे सावकाश',
जे मला त्या दिवशी ऐकूच आलं नव्हतं.

आज दुपारी दुसऱ्या जिन्यातून फोन.
सहाव्या-सातव्याच्या मध्ये कुणीतरी,
आतून चपलेनं दार बडवतंय.
पान्ह्याआधी मोबाइल काढला.
लाल ठिपका लावून दाराच्या फटीशी धरला
आणि म्हणालो,
ब, ब,
आतलं बडवणं थांबलं.
ब,
बोला.